गिरणीतल्या लेथसारखा खडखडणारा कॅमेरा स्वतः बनवून सिनेमा काढणारे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर

कोल्हापूर म्हटलं की लोकांना तांबडा-पांढरा आठवतो, कुस्ती आठवते, चप्पल आठवते. पण या शहराची आणखी एक ओळख आहे, आणि ती ओळख ग्रीसच्या वासाची आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्र्या, उद्यमनगरातले लेथ आणि कुठलंही यंत्र पुढ्यात आलं की ते आधी उघडून बघायची सवय. कंपनीने गाडी जशी दिली तशीच चालवायची, हे इथल्या मेस्त्रीला पटत नाही. क्लच जरा घट्ट करू, स्प्रिंग बदलून बघू, मग बघा कशी पळते, असा एकूण कारभार.

याच शहरात खरी कॉर्नरला एक स्तंभ उभा आहे. त्यावर ना राजा आहे, ना घोडा, ना तलवार. त्यावर आहे एक कॅमेरा. रोज हजारो गाड्या त्याच्या शेजारून जातात, आणि हा कॅमेरा इथे का, हे त्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं.

तर हा कॅमेरा आहे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या आठवणीसाठी. शंभरेक वर्षांपूर्वी या माणसाने बाहेरून कॅमेरा आणण्याऐवजी तो कोल्हापुरात बनवला, आणि त्यावर सिनेमा काढला.

आडनाव मेस्त्री, ओळख पेंटर

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. पूर्ण नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. घरात कारागिरी चालत आलेली. वडील कृष्णराव हे लाकूड, लोखंड आणि मूर्तिकाम अशा सगळ्यात हात चालणारे कारागीर. त्यामुळे बाबूरावांचं खरं शिक्षण शाळेत कमी आणि घरातल्या पटाशी-हातोडीत जास्त झालं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये घेतलं नाही.

सोबत होता चुलतभाऊ आनंदराव मेस्त्री. हे दोघं भाऊ म्हणजे एक जोडगोळीच होती. दोघांनाही चित्रकलेचं वेड आणि दोघांनाही यंत्राचं वेड.

तो काळ संगीत नाटकांचा होता. नाटक कंपन्या गावोगाव फिरायच्या आणि त्यांच्यात चुरस असायची ती गाण्यांची, पोशाखांची आणि पडद्यांची. राजवाडा, जंगल, नदीकाठ, देऊळ, हे सगळं कापडावर रंगवलेलं असायचं. पडदा वर गेला आणि मागचा राजवाडा खरा वाटला की निम्मी बाजी तिथेच मारली जायची. या पडद्यांच्या कामात आनंदराव आणि बाबूराव यांनी नाव कमावलं. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसारख्या मोठ्या कंपन्यांसाठी त्यांनी पडदे रंगवले. सपाट कापडावर खोली कशी दाखवायची, सावली कुठे टाकायची, प्रेक्षकाची नजर कुठे न्यायची, हे त्यांना तिथे कळलं. मेस्त्री आडनाव मागे पडलं आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले, तेही याच कामामुळे.

१९१३ साली सगळं बदललं

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. आपल्या माणसाने, आपल्या मातीत, आपल्या गोष्टीवर सिनेमा काढला, ही बातमीच मोठी होती. पडदे रंगवणाऱ्या या दोन भावांनी सिनेमा पाहिला आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आपण पडद्यावर रंगवलेली नदी वाहत नाही. सिनेमातली नदी वाहते.

पण अडचण अशी होती की सिनेमा काढायचा तर कॅमेरा लागतो. कॅमेरा विलायतेतून यायचा, त्याची किंमत कारागिराच्या आवाक्याबाहेर. त्यात १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं आणि परदेशातून माल मागवणं आणखी अवघड झालं. फाळक्यांनी कॅमेरा आणला होता तो स्वतः इंग्लंडला जाऊन. मेस्त्री बंधूंकडे तसा पैसा नव्हता.

मग त्यांनी दुसरा रस्ता धरला. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक वापरलेला प्रोजेक्टर घेतला. सिनेमे दाखवायचे, चार पैसे मिळवायचे आणि त्याच वेळी यंत्र समजून घ्यायचं. दाखवताना प्रोजेक्टर चालायचा आणि खेळ नसला की त्याचे स्क्रू निघायचे.

प्रोजेक्टरवरून कॅमेरा कसा सुचतो?

इथे थोडं यंत्र समजून घ्यावं लागेल, कारण बाबूरावांचा खरा पराक्रम इथे आहे.

सिनेमाची फिल्म म्हणजे एकामागोमाग एक काढलेले स्थिर फोटो. ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी, तिच्या दोन्ही कडांना भोकं. एका फोटोला प्रत्येक कडेची चार भोकं. एका फुटात १६ फोटो बसतात. मूकपटाच्या काळात साधारण सेकंदाला १६ फोटो घेतले जायचे, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म.

आता ही पट्टी नुसती सरळ ओढून चालत नाही. ओढत राहिलात तर सगळे फोटो पुसट येतील. ती थांबली पाहिजे, फोटो निघाला पाहिजे, मग पुढे सरकली पाहिजे, पुन्हा थांबली पाहिजे. आणि हे सेकंदाला १६ वेळा. कॅमेऱ्यात त्यासाठी आकड्यासारखा एक भाग असतो. तो भोकात अडकतो, फिल्म एक फोटोभर खाली ओढतो आणि मोकळा होऊन पुन्हा वर जातो. फिल्म सरकत असताना उजेड आत येऊ नये म्हणून समोर एक फिरती चकती असते. आकडा आणि चकती यांचा मेळ चुकला की चित्राला उभी शेपटी फुटते.

गंमत अशी की प्रोजेक्टरमध्येही फिल्म अशीच थांबत-थांबत सरकते. फरक एवढाच की प्रोजेक्टरमध्ये उजेड आतून बाहेर जातो आणि कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचं १८९५ चं यंत्र तर कॅमेरा आणि प्रोजेक्टर अशी दोन्ही कामं करायचं. म्हणजे ज्याला प्रोजेक्टर नीट कळला, त्याला कॅमेऱ्याचा निम्मा रस्ता सापडलेला असतो.

उरलेला निम्मा रस्ता मात्र फार अवघड असतो. पहिली गोष्ट, कॅमेऱ्याची पेटी पूर्ण अंधारी पाहिजे. सुईएवढी फट राहिली तरी फिल्म वाया. दुसरी गोष्ट, अचूकपणा. पडद्यावर चित्र कित्येक पटींनी मोठं होतं, त्यामुळे कॅमेऱ्यात फिल्म केसभर जरी इकडेतिकडे थांबली तरी पडद्यावर अख्खा राजवाडा थरथरतो. जे दात, जे आकडे विलायतेच्या कारखान्यात बनायचे, ते इथे लेथवर आणि कानशीने घासून बनवायचे होते.

आणि यात एक क्लचही असतो

तिसरी गोष्ट गाड्यांचा नाद असलेल्यांना लगेच कळेल.

फोटो निघालेली फिल्म दुसऱ्या चक्रावर गुंडाळली जाते. फिल्म येते एकाच वेगाने, सेकंदाला फूटभर. पण चक्रावरचं भेंडोळं जाड होत जातं. सुरुवातीला भेंडोळ्याचा व्यास पाच सेंटीमीटर असला, तर सेकंदाला फूटभर फिल्म गिळायला त्याला जवळजवळ दोन फेरे घ्यावे लागतात. तेच भेंडोळं पंधरा सेंटीमीटरचं झालं की त्याला तेवढ्याच फिल्मसाठी एक तृतीयांश फेरे पुरतात. म्हणजे फिल्म त्याच वेगाने येत असताना चक्राने हळूहळू मंद व्हायला हवं.

दातेरी चाकाने ते थेट जोडलं तर ते मंद होणारच नाही. ते ओढत राहील आणि फिल्मचे तुकडे करेल. म्हणून तिथे घसरणारी जोडणी ठेवतात. स्प्रिंगने दाबलेली चकती किंवा थोडा सैल पट्टा. ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तो घसरतो. आजच्या भाषेत सांगायचं तर घसरता क्लच.

गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये इंजिनाचा वेग वाढला की क्लच आपोआप पकडतो, आणि तो कधी पकडेल हे त्याच्या वजनावर आणि स्प्रिंगवर ठरतं. हिमालयात बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइलचंही तेच. स्प्रिंग नरम पडली की क्लच आधीच पकडतो आणि गाडी उठावच घेत नाही. कडक झाली की इंजिन नुसतं ओरडतं आणि मग गाडी झटका देते. सिनेमाच्या कॅमेऱ्यातही हाच हिशोब. जोडणी घट्ट झाली की फिल्मची भोकं फाटतात, सैल झाली की फिल्म पेटीतच साठून तिचा गुंता होतो. बरोबर मधला बिंदू पुस्तकात सापडत नाही. फिरवून, थांबवून, उघडून, पुन्हा आवळून तो हातालाच सापडतो.

आणि या सगळ्याला मोटर कुठली? कॅमेरामन हाताने हँडल फिरवायचा. एका फेऱ्याला आठ फोटो, सेकंदाला दोन फेरे. हाताचा वेग कमी-जास्त झाला की पडद्यावरची माणसं पळू लागायची किंवा रेंगाळायची.

भाऊ गेला, यंत्र अर्धवट राहिलं

आनंदराव आणि बाबूराव या कामात बुडालेले असताना १९१६ मध्ये आनंदराव वारले. कॅमेरा अजून पूर्ण व्हायचा होता.

बाबूरावांच्या जागी दुसरा कुणी असता तर कदाचित पुन्हा पडद्यांकडे वळला असता. पडद्यांत नाव होतं, पैसा होता. कॅमेऱ्यात दोन्ही नव्हतं. पण बाबूरावांनी काम सोडलं नाही. त्यांच्या हाताखाली विष्णुपंत दामले नावाचे एक तरुण होते, यंत्राचं डोकं असलेले. त्या दोघांनी मिळून ते अर्धवट यंत्र पुढे नेलं आणि १९१८ च्या सुमाराला कॅमेरा तयार झाला. भारतात बनलेला पहिला सिनेमा कॅमेरा म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं.

याच सुमाराला कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवलाचा प्रश्न होता आणि तो सोडवायला पुढे आल्या त्या गायिका तानीबाई कागलकर. कोल्हापूरच्या एका गाणाऱ्या बाईंनी एका चित्रकाराच्या घरगुती कॅमेऱ्यावर पैसे लावले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण ती सांगायला हवी. संस्थानात कलावंतांच्या आणि पैलवानांच्या पाठीशी उभे राहणारे राजर्षी शाहू महाराज होते, त्यांचाही आधार या कंपनीला होता.

'सैरंध्री'ने धुरळा उडवला

या कंपनीचा 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. महाभारतातली कीचकवधाची गोष्ट. त्या काळी पडद्यावर बायकांच्या भूमिका बहुतेक पुरुषच करायचे. बाबूरावांनी मात्र स्त्रिया घेतल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे समाज कसा बघायचा हे लक्षात घेतलं तर या दोघींचं धाडस बाबूरावांच्या धाडसापेक्षा कमी नव्हतं.

भीम कीचकाला मारतो तो प्रसंग एवढा खरा उतरला की प्रेक्षक हादरले आणि सेन्सॉरने तो भाग कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी सिनेमा पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० ला, टिळक गेले.

घरी बनवलेलं यंत्र चालतं, हे आता सिद्ध झालं होतं.

पडद्यामागचा मेस्त्री

पुढची दहा वर्षं महाराष्ट्र फिल्म कंपनी म्हणजे कोल्हापूरची सिनेमाची तालीमच होती. इथे नोकरीपेक्षा शागिर्दी चालायची. सेट लावणं, रंग देणं, फिल्म धुणं, अभिनय करणं, सगळ्यांनी सगळं करायचं. फत्तेलाल इथेच घडले, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणायचे. केशवराव धायबर इथलेच. आणि 'सुरेखा हरण' या १९२१ च्या सिनेमात कृष्णाच्या भूमिकेत एक कोल्हापुरी पोरगा पहिल्यांदा पडद्यावर आला. त्याचं नाव शांताराम वणकुद्रे. पुढे सारा देश त्यांना व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागला.

बाबूरावांची पद्धत चित्रकाराची होती. प्रसंग आधी कागदावर रेखाटायचे, मग तो उभा करायचे. रंगवलेल्या सपाट पडद्यांवर आयुष्याची सुरुवात केलेल्या या माणसाने सिनेमात मात्र लांबी-रुंदी-खोली असलेले सेट उभे केले. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ काळा दिसायचा आणि निळा फिका. त्यामुळे आयुष्यभर रंगात वाढलेल्या बाबूरावांना प्रत्येक रंग करड्या छटेत कसा उतरेल याचा अंदाज बांधायला लागायचा.

१९२३ च्या 'सिंहगड'साठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. तोपर्यंत आपल्याकडचं शूटिंग म्हणजे सूर्यावर सोडलेला कारभार होता. तानाजीची चढाई रात्रीची, आणि ती रात्र दिव्यांच्या जोरावर उभी राहिली. यात शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चा लंडनजवळच्या वेम्बलीच्या प्रदर्शनात गौरव झाला. सिनेमाची जाहिरात करायला स्वतःच्या हाताने पोस्टर रंगवणं हेही त्यांनीच आपल्याकडे रुजवलं.

आणि १९२५ मध्ये आला 'सावकारी पाश'. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. एक शेतकरी, त्याची जमीन आणि एक सावकार. जमीन जाते आणि शेतकरी गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते. प्रेक्षक पौराणिक सिनेमांना सोकावलेले, त्यामुळे या सिनेमाला तेव्हा हवी तशी गर्दी झाली नाही. पण भारतातला वास्तववादी सिनेमा कुठून सुरू झाला असं विचारलं की आजही बोट याच सिनेमाकडे जातं.

शिष्य निघून गेले

बाबूराव स्वभावाने कारागीर होते, व्यापारी नव्हते. काम मनासारखं होईपर्यंत थांबायची त्यांची तयारी असायची, आणि कंपनी चालवायची तर सिनेमा वेळेत बाहेर पडावा लागतो. हाताशी तयार झालेल्या शिष्यांना आता स्वतःचं काही करायचं होतं.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघं बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलावर त्यांनी १ जून १९२९ ला कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या दामल्यांनी आनंदरावांनंतर कॅमेरा पूर्ण करायला हात दिला होता, तेही गेले. काही काळाने बाबूरावांनीही आपल्याच कंपनीचा निरोप घेतला आणि ती बंद पडली.

त्यात १४ मार्च १९३१ ला मुंबईत 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलू लागला. आवाज आला म्हणजे फिल्मचा वेग पक्का हवा, सेकंदाला २४ फोटो, ना एक कमी ना एक जास्त. वेग हलला तर आवाज हलतो. हाताने हँडल फिरवायचा जमाना एका फटक्यात संपला. ज्या कौशल्यावर बाबूरावांच्या पिढीने सिनेमा उभा केला, ते कौशल्यच आता नको झालं. १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' आला. तो कोल्हापुरातच बनला, पण प्रभातने बनवला, त्यांच्या शिष्याने, शांतारामांनी.

बाबूराव थांबले नाहीत. कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी १९३५ मध्ये 'उषा' काढला. १९३६ मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा केला, या वेळी आवाजासह. १९३७ मध्ये 'प्रतिभा' आला. शांतारामांच्या राजकमलसाठी १९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' या सिनेमाच्या दिग्दर्शनात ते होते. गुरू आणि शिष्य पुन्हा एका कामावर एकत्र आले, फक्त स्टुडिओ आता शिष्याचा होता. सिनेमा नसेल तेव्हा चित्रं आणि शिल्पं सुरूच असायची. १९५२ चा 'विश्वामित्र' हा त्यांचा अखेरचा सिनेमा. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं.

मागे काय उरलं?

खरं सांगायचं तर हातात धरून दाखवावं असं फार थोडं उरलं. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भुरकन पेट घेणारी आणि वर्षानुवर्षं ठेवली तर आपोआप कुजणारी. आपल्याकडचे बहुतेक मूकपट असेच संपले, आणि त्यात बाबूरावांचेही गेले. 'सैरंध्री'तला कीचकवध आज कुणालाच बघता येणार नाही.

पण बाबूरावांच्या तालमीतल्या माणसांनी प्रभात उभी केली. दामले-फत्तेलालांच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'चा व्हेनिसला गौरव झाला. कोल्हापूरला पुढे कित्येक वर्षं मराठी सिनेमाचं माहेरघर म्हटलं गेलं, त्याचा पाया एका जुन्या प्रोजेक्टरचे स्क्रू काढणाऱ्या दोन भावांनी घातला.

कंपनीने बनवलेलं यंत्र म्हणजे शेवटचा शब्द नाही, ते उघडता येतं, समजून घेता येतं आणि आपल्या कामाला लावता येतं, हे कोल्हापूरच्या मेस्त्र्यांना आज कुणी शिकवावं लागत नाही. बाबूरावांनी शंभर वर्षांपूर्वी तेच केलं, फक्त त्यांच्या यंत्रातून गाडी नाही, सिनेमा बाहेर पडला.

पुढच्या वेळी खरी कॉर्नरवरून जाताना गाडीचा क्लच जरा दाबा आणि त्या स्तंभाकडे एकदा वर बघा.